मुक्तस्रोत सर्व्हरची अधिकृत कंटेनर इमेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही चौघं मिळून एक मुक्तस्रोत सर्व्हर सांभाळतो. केळीच्या बागेतले ओलाव्याचे सेन्सर, ठिबकचे व्हॉल्व्ह, मोटारीचा ऑटो या सगळ्यांच्या नोंदी एका जागी गोळा करायचं त्याचं काम. त्याची अधिकृत इमेज काढायला लागल्यापासून यावल-रावेरच्या वापरणाऱ्यांचे प्रश्न येतात, आणि स्वतःचं सॉफ्टवेअर असंच बाहेर काढू पाहणाऱ्या धुळे-शिरपूरकडच्या पोरांचेही. तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं कुठल्याही सर्व्हर सॉफ्टवेअरला चालतील. उदाहरणं आमची आहेत, कारण चुकाही आमच्याच आहेत.

१. आम्ही टार फाइल देतो, सोबत इन्स्टॉलची पानभर माहितीही देतो. मग इमेज कशाला?

कारण ती पानभर माहिती कोणी वाचत नाही. इमेज म्हणजे तुमचा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणि तो सुरू कसा करायचा याची नोंद, हे सगळं बांधलेलं एक गाठोडं (ते चालू केलं की झाला कंटेनर). ते एकावर एक रचलेल्या लेयरचं असतं आणि प्रत्येक लेयरला तिच्या मजकुरावरून निघालेला डायजेस्ट असतो. मजकुरात एक बाइट बदलला की डायजेस्ट बदलला. अशा इमेज बांधून चालवणारं डॉकर २०१३ साली आलं, २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झालं आणि २०१७ मध्ये इमेजचं प्रमाण स्वरूप ठरलं. म्हणून डॉकरने बांधलेली इमेज पॉडमनवर (डॉकरला पर्याय) किंवा कुबरनेटिसवरही (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) चालते. आत कर्नल (ओएसचा गाभा) नसतो, तो यजमान मशीनचाच वापरला जातो, आणि प्रोसेसरही. ही गोष्ट प्रश्न ६ मध्ये पुन्हा नडते.

२. 'अधिकृत' हा शिक्का देतं कोण?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला अर्थ साधा: ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं त्यांनीच काढलेली इमेज. याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रकल्पाच्या मुख्य पानावर इमेजचं पूर्ण नाव लिहिलं की झालं. दुसरा अर्थ डॉकर हब या इमेजच्या साठ्यावरच्या 'डॉकर ऑफिशियल इमेजेस' या निवडक यादीचा. एनजिनएक्स, पोस्टग्रेस, रेडिस वगैरेंच्या नावाआधी कुठलंही खातं लागत नाही, ते याच यादीमुळे.

आमचं मत विचाराल तर पहिल्या अर्थाचं अधिकृतपण जास्त जड आहे. इमेज बांधून वर चढवणं हे एका दुपारचं काम. पण आतल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत भोक सापडलं की ती पुन्हा कोण बांधणार, या प्रश्नाला ज्याचं नाव लागतं तोच अधिकृत. हे नाव लावायची तयारी नसेल तर डॉकरफाइल (इमेज बांधायची कृती) रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवा आणि 'नमुन्यादाखल' असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

३. आम्हाला त्या डॉकर हबच्या निवडक यादीतच जायचंय. अर्ज कुठे करायचा?

अर्ज-बिर्ज नाही, पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) करायची. गिटहबवर 'डॉकर-लायब्ररी' नावाखाली 'ऑफिशियल-इमेजेस' ही रेपो आहे. तिथे तुमच्या नावाची एक छोटी मजकूर फाइल द्यायची: सांभाळणारे कोण, डॉकरफाइल कुठल्या रेपोत, नेमकी कोणती कमिट, टॅग (इमेजच्या आवृत्त्यांची नावं) कोणते, कोणत्या आर्किटेक्चरसाठी. बांधणी ते स्वतः करतात, तुमची बांधलेली इमेज घेत नाहीत. पानावरचं माहितीपत्रक वेगळ्या रेपोत जातं.

परीक्षण कडक असतं. बेस इमेज (जिच्यावर आपली रचायची ती) त्याच यादीतली हवी, नाहीतर अगदी कोऱ्यापासून सुरुवात. बाहेरून उतरवलेल्या प्रत्येक फाइलची सही किंवा चेकसम तपासलेला हवा. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी वापरात असावं हीही अपेक्षा असते, त्यामुळे चारशे वापरकर्त्यांच्या आमच्यासारख्यांनी तिकडे धावण्यात अर्थ नाही. पण त्यांची परीक्षणाची नियमावली वाचून तशी डॉकरफाइल लिहा. फुकटची शिकवणी आहे.

४. कोणत्या रजिस्ट्रीवर टाकू? डॉकर हब, गिटहबची, की क्वे?

रजिस्ट्री म्हणजे इमेज ठेवायची जागा. जमलं तर दोन ठिकाणी, एकाच बांधणीतून. डॉकर हबवर लोक आधी शोधतात, पण नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पुलवर (इमेज उतरवण्यावर) मर्यादा आली: लॉगिन नसेल तर एका आयपीवरून सहा तासांत १००. याचा चटका आम्हाला एका कॉलेजच्या लॅबमध्ये बसला. साठ मशीन, सगळी एका आयपीमागे, आणि प्रत्येकावर आमची इमेज अधिक पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे १२० पुल. मागच्या बाकांवरच्या पोरांना 'टू मेनी रिक्वेस्ट्स' दिसलं आणि त्यांना वाटलं आमचा सर्व्हरच बिघडला. अशा जागी एका मशीनवर मिरर (इमेजची स्थानिक प्रत देणारी रजिस्ट्री) लावावा किंवा प्रश्न १८ मधला पेनड्राइव्हचा उपाय करावा. मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी डॉकरची एक पुरस्कृत योजनाही आहे. तीत घेतलं तर तुमच्या इमेजपुरती ही मर्यादा उठते.

रजिस्ट्रीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे खातं संस्थेच्या नावाने काढा. आमची पहिली इमेज माझ्या वैयक्तिक खात्यावर होती. नाव बदललं त्या दिवशी सगळ्यांच्या कंपोज फाइली (कोणते कंटेनर कसे चालवायचे याच्या नोंदी) मोडल्या, आणि जुन्या नावावरून अजूनही पुल होतात. किल्ल्या किमान दोघांकडे असाव्यात, दोघांनाही टू-फॅक्टर लावलेलं असावं.

५. बेस इमेज अल्पाइन घेऊ की डेबियन? अल्पाइन तर चिमुकली आहे.

चिमुकली आहे खरी. दोन्ही लिनक्सचेच प्रकार. दाबलेल्या स्वरूपात अल्पाइन चारेक एमबी, तर डेबियन स्लिम तीसेक एमबी. पण अल्पाइनमध्ये डेबियनमधल्या जीलिबसीच्या जागी मसल ही सी लायब्ररी आहे, आणि फरक नको तिथे उगवतो. मसलमध्ये थ्रेडला मुळात मिळणारी स्टॅक खूप लहान, १२८ केबी. डीएनएसचं उत्तर मोठं आलं तर टीसीपीवरून पुन्हा विचारायची सोय तिच्यात २०२३ च्या १.२.४ आवृत्तीत आली, म्हणजे त्याआधीच्या इमेजमध्ये काही नावं उलगडतच नसत. पायथनवाल्यांना मसलसाठीची तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेज) मिळाली नाही की बांधणीत सी कंपाइलर बसवत बसावं लागतं.

गो किंवा रस्टमध्ये एकच स्थिर बायनरी निघत असेल तर अल्पाइन घ्या, किंवा अगदी कोऱ्या 'स्क्रॅच'वर ठेवा. टीएलएसची मूळ प्रमाणपत्रं आणि टाइमझोनचा डेटा तेवढा सोबत न्यायला विसरू नका. बाकी सगळ्यांनी डेबियन स्लिम. बेस लेयर मशीनवर एकदाच उतरते, पुढच्या अपडेटला ती पुन्हा ओढावी लागत नाही. वाचलेल्या पंचवीस एमबीपायी रात्री अकराला नंदुरबारहून येणारा फोन परवडत नाही.

६. दादा, पंपाच्या खोलीतल्या रास्पबेरी पायवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतोय. इमेज खराब आहे का?

इमेज खराब नाही, दुसऱ्या प्रोसेसरची आहे. तुमच्या लॅपटॉपवर बांधलेली एएमडी६४ ची, पाय या छोट्या संगणकाला हवी आर्म६४ ची. प्रकाशित करताना दोन्ही बांधून एका यादीखाली ठेवायच्या असतात. मग पुल करणारं मशीन त्या यादीतून आपली तेवढी उचलतं. बिल्डएक्सला (डॉकरचं बांधणीचं साधन) प्लॅटफॉर्म सांगितले की तो हे करतो.

फक्त क्यूईएमयूच्या भरवशावर राहू नका. एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल करून बांधणी होते, पण गोगलगाईच्या चालीने. आमची बांधणी चार मिनिटांवरून पाऊण तासावर गेली होती. गो-रस्टसारख्या भाषांत कंपाइल आपल्याच प्रोसेसरवर, फक्त लक्ष्य परकं, अशी मांडणी करता येते. नाहीतर सरळ आर्म मशीनवर बांधा.

एरर 'नो मॅचिंग मॅनिफेस्ट' असेल तर प्रकार वेगळा: पाय ६४ बिटचा, पण कार्डवर ३२ बिटची ओएस. ती बदला. आम्ही ३२ बिट देत नाही आणि तसं पानावर वरच लिहिलंय. जे तपासता येत नाही ते 'सपोर्टेड' म्हणून लिहू नये.

७. टॅग कसे ठेवायचे? 'लेटेस्ट' पुरत नाही का?

'लेटेस्ट' या शब्दाला यंत्राच्या लेखी काहीच अर्थ नाही. टॅग सांगितला नाही तर हे नाव धरलं जातं, इतकंच. २.४.१ काढलीत तर त्याच इमेजला २.४.१, २.४ आणि २ असे तीन टॅग द्या. ज्याला शांतता हवी तो २.४ धरेल. मोठ्या आवृत्तीला लोकांना आपोआप ढकलायचं नाही, आणि बीटाला 'लेटेस्ट' लावायचं नाही.

आमची फजिती ऐका. २.४.१ निघाल्यावर जुन्या शाखेतली एक चूक दुरुस्त करून आम्ही १.९.७ काढली. स्क्रिप्टचा नियम होता: जी इमेज शेवटची बनेल ती 'लेटेस्ट'. झालं! सकाळी ज्यांनी पुल केलं त्यांचा डेटाबेस दोनच्या रचनेत आणि सर्व्हर एकचा. चोपड्याकडच्या एका काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुमनं नवं मागे कसं काय गयं?" आता स्क्रिप्ट आवृत्तीचे आकडे ताडून पाहते.

८. इमेज एकदा टाकली. आमच्या कोडमध्ये बदल नाही, म्हणजे काम संपलं ना?

नाही, इथेच सुरू होतं. तुमचा कोड जागेवर असला तरी खालची डेबियन हलत असते. तिथे सुरक्षेची दुरुस्ती आली की ती तुमच्या इमेजमध्ये आपोआप येत नाही. इमेज गोठलेली असते. म्हणून ठरलेल्या दिवशी बांधणी पुन्हा करायची, तोच २.४.१ टॅग नव्या डायजेस्टकडे वळवायचा. आम्ही हे दर सोमवारी करतो.

यातल्या दोन मेखा आमच्या अंगावर आल्या. पहिली कॅशची. आमची सोमवारची बांधणी चार महिने हिरवी दिसत होती. एक दिवस इमेजमध्ये शिरून पॅकेजच्या तारखा पाहिल्या तर सगळ्या चार महिन्यांपूर्वीच्या. डॉकरफाइलमधली अ‍ॅप्टची पॅकेज बसवायची ओळ तीच, म्हणून बिल्डरने जुनी लेयर उचलून जोडली होती. बांधणी 'यशस्वी' होती आणि काहीच बांधलं गेलं नव्हतं. नियमित बांधणीत कॅश बंद ठेवा आणि बेस इमेज नव्याने ओढायला सांगा.

दुसरी मेख गिटहबची. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपोआप बंद पडतात. म्हणजे नेमका जो प्रकल्प स्थिर आहे, ज्याला फक्त या बांधणीची गरज आहे, त्याचीच बांधणी थांबते. कॅलेंडरला आठवण लावून ठेवा.

टॅगऐवजी ठरावीक डायजेस्ट पिन करून वापरणाऱ्यांना ही दुरुस्ती मिळत नाही. त्यांनी ते जाणूनबुजून निवडलेलं असतं, पण पानावर एक ओळ लिहिलेली बरी.

९. कंटेनरच आहे, मग आत रूट म्हणून चालवलं तर बिघडतं कुठे?

सर्व्हरमध्ये भोक निघालं तर आत शिरलेल्याच्या हाती रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, लागतो, आणि तिथून यजमान मशीनवर उडी मारायला एक पायरी कमी होते. डॉकरफाइलमध्ये वेगळा यूजर करा आणि शेवटच्या 'यूजर' ओळीत त्याचं नाव न देता आकडा द्या. 'रूट नको' अशी अट घातलेलं कुबरनेटिस नावावरून ओळखू शकत नाही, आणि कंटेनर सुरूच करत नाही. ओपनशिफ्टवर (रेड हॅटचं कुबरनेटिस) यूजरचा आकडा मनाला येईल तो मिळतो, पण ग्रुप शून्य असतो. लिहायची फोल्डरं त्या ग्रुपला खुली ठेवली की तिथेही चालतं.

१०. 'परमिशन डिनाइड' येतंय, डेटा फोल्डरमध्ये लिहिता येत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त आलेला निरोप हाच. प्रश्न ९ प्रमाणे रूट काढला की हा मागोमाग येतो. नाव दिलेलं रिकामं व्हॉल्यूम (डॉकरने सांभाळलेली डेटाची जागा) पहिल्यांदा जोडताना डॉकर इमेजमधल्या फोल्डरची मालकीही त्यात उतरवतो, म्हणून तिथे अडचण येत नाही. यजमानाचं फोल्डर थेट जोडलं तर त्याची मालकी जशीच्या तशी राहते. त्या फोल्डरचा मालक इमेजमधल्या यूजरच्या आकड्याचा करा. परवानगी ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करू नका. चालतं, म्हणूनच करू नका.

११. डॉकरफाइलमध्ये 'व्हॉल्यूम' ओळ लिहावी का?

डेटाबेससारखं काही असेल तरच, तेही विचार करून. ती लिहिली की वापरणाऱ्याने काही न जोडताही एक निनावी व्हॉल्यूम तयार होतं. कंटेनर काढून नवा केला की त्याला दुसरं निनावी मिळतं. डेटा गेला म्हणून माणूस कपाळाला हात लावतो, आणि डेटा डिस्कवरच कुठेतरी लांबलचक नावाखाली पडून असतो. वर तुमच्या इमेजवरून कोणी आपली इमेज काढली तर त्याला ती ओळ रद्द करता येत नाही. जागाही एकदा ठरली की बदलणं अवघड. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजने १८ व्या आवृत्तीपासून व्हॉल्यूमची जागा 'डेटा' फोल्डरवरून एक पायरी वर नेली, तेव्हा जुन्या कंपोज फाइलींमध्ये हात घालावाच लागला.

१२. पासवर्ड इमेजमध्ये कसा द्यायचा?

इमेजमध्ये द्यायचाच नाही, ठरलेला डीफॉल्टही नको. सुरू करताना पासवर्ड मिळाला नाही तर सर्व्हरने स्पष्ट निरोप देऊन थांबावं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेता येतो, पण तो 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये उघडा दिसतो. म्हणून पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या इमेजची पद्धत घ्या: त्याच व्हेरिएबलच्या नावाला शेवटी 'फाइल' जोडलं की त्यात पासवर्ड असलेल्या फाइलचा पत्ता द्यायचा.

१३. बांधताना खाजगी टोकन लागलं, पुढच्याच ओळीत पुसून टाकलं. चालेल ना?

नाही! पुसणं ही नवी लेयर, टोकन खालच्या लेयरमध्ये शाबूत. इमेज ज्याने पुल केली त्याला ते काढता येतं. 'आर्ग'मधून (बांधणीला दिलेल्या मूल्यातून) दिलेलंही इमेजच्या इतिहासात दिसू शकतं. बिल्डकिट या डॉकरच्या बिल्डरची सीक्रेट माउंटची सोय वापरा. आणि डॉकरइग्नोअर फाइलमध्ये (बांधणीत काय घ्यायचं नाही याची यादी) गिटचं फोल्डर घाला. आधीच प्रकाशित झालं असेल तर इमेज डिलीट करण्यात वेळ न घालवता आधी टोकन रद्द करा.

१४. 'डॉकर स्टॉप' केलं की बरोबर दहा सेकंद अडकतं. का?

त्या दहा सेकंदांत तुमच्या सर्व्हरला निरोपच पोचलेला नसतो. डॉकर कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला सिगटर्म ('आवरतं घे' असा सिग्नल) पाठवतो, दहा सेकंद थांबतो, मग सिगकिल (जागीच ठार). कुबरनेटिस ३० सेकंद थांबतं. डॉकरफाइलमध्ये सुरू करायची आज्ञा साध्या ओळीत लिहिली असेल तर पहिली प्रोसेस असते शेल, आणि शेल तो सिग्नल पुढे पाठवत नाही. चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. मध्ये एंट्रीपॉइंटची (कंटेनर सुरू होताना चालणारी) स्क्रिप्ट असेल तर तिची शेवटची आज्ञा 'एक्झेक'ने सुरू करा, म्हणजे शेल बाजूला होऊन सर्व्हर त्याच्या जागी बसतो. एवढं करूनही अडकलं तर सर्व्हरने सिगटर्मसाठी हँडलर लावलेलाच नाही. पहिल्या प्रोसेसला हँडलरशिवाय तो सिग्नल लागूच पडत नाही.

लोक म्हणतात दहा सेकंदांनी काय होतं. होतं असं की सिगकिलने सर्व्हर अर्धवट लिहिताना मरतो. आमच्याकडे तर याहून वाईट. डीपी जळाली की कोणीच सिग्नल पाठवत नाही, थेट अंधार. त्यामुळे सर्व्हरने आधी लॉगमध्ये लिहून, डिस्कवर पोचल्याची खात्री करून मगच 'नोंद झाली' म्हणावं. ते इमेजचं काम नाही, सॉफ्टवेअरचं आहे. पण इमेज लोकांच्या हाती गेल्यावरच ते उघडं पडलं.

१५. लॉग कुठे जातात? हेल्थचेक देता का?

लॉग थेट स्टँडर्ड आउटपुटवर, फाइल नाही. हेल्थचेक (सर्व्हर ठीक चाललाय का ते पाहणारी आज्ञा) आम्ही इमेजमध्ये घालत नाही. काय तपासायचं आणि किती वेळाने, हे चालवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि कुबरनेटिस डॉकरफाइलमधला हेल्थचेक तसाही पाहत नाही. कंपोजसाठीचा नमुना माहितीपत्रकात आहे.

१६. स्कॅनर तुमच्या इमेजमध्ये ८० धोके दाखवतो. आमच्या साहेबांनी परवानगी नाकारली.

आधी इमेज कधीची ते पाहा, जुनी असेल तर नवी ओढा (प्रश्न ८). तरी राहिलेल्यांपैकी बरेचसे डेबियनने 'किरकोळ' म्हणून ठेवलेले असतात. शिवाय डेबियन जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालतं, मुख्य आकडा बदलत नाही. फक्त आकडा पाहणारा स्कॅनर फसतो. दुसरीकडे नवं ते सुरक्षित असंही नाही: मार्च २०२४ मध्ये एक्सझेड लायब्ररीत मागचं दार सापडलं, ते ताज्या आवृत्त्यांत होतं. डेबियनच्या स्थिर शाखेला त्याचा स्पर्श झाला नव्हता.

आपल्या बाजूने करण्यासारखं म्हणजे इमेजमध्ये कमीत कमी वस्तू ठेवणं. कंपाइलर, गिट, कर्ल बांधणीच्या टप्प्यात वापरा आणि तिथेच सोडा. साहेबांना आकडा दाखवण्याऐवजी कोणता धोका आपल्याला लागू नाही आणि का, याची यादी द्या. आमची रेपोत आहे, तीच पाठवा.

१७. इमेजला सही करता का? आणि यादीत 'अननोन' आर्किटेक्चर का दिसतं?

सही कोसाइन या साधनाने, टॅगवर नव्हे, डायजेस्टवर. टॅग उद्या दुसरीकडे वळतो. 'अननोन' पाहून घाबरू नका. बिल्डएक्स बांधणीचा दाखला इमेजच्या यादीतच एक नोंद म्हणून जोडतो, आणि त्या नोंदीला प्रोसेसर नसल्यामुळे रजिस्ट्री तसं लिहिते.

परवान्याचंही इथेच सांगतो, कारण ते स्वतंत्रपणे कोणी विचारत नाही. इमेज वाटणं म्हणजे आतल्या बॅशपासून सगळ्याच्या बायनरी वाटणं. जीपीएल या परवान्याखालच्या वस्तूंचा सोर्स मिळेल अशी वाट ठेवावी लागते. पॅकेजची यादी जपून ठेवली तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातून नेमका तोच सोर्स दाखवता येतो.

१८. शेतावर नेट नाही. पेनड्राइव्हवरून इमेज नेता येईल का?

येईल. नेट असलेल्या मशीनवर पुल करा, 'डॉकर सेव्ह'ने टार फाइल काढा, शेतावर 'डॉकर लोड' करा. इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात: ऑफिसच्या लॅपटॉपवर साधं पुल केलं तर एएमडी६४ ची इमेज येते, आणि रावेरला पोचल्यावर पाय ती चालवत नाही (प्रश्न ६). पुल करतानाच प्लॅटफॉर्म आर्म६४ सांगा. निघण्याआधी 'डॉकर इमेज इन्स्पेक्ट'मध्ये आर्किटेक्चरची ओळ डोळ्यांनी वाचा. कोसाइनची तपासणीही नेट असतानाच उरका, टारचा चेकसम कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि पोस्टग्रेसची इमेजही त्याच पेनड्राइव्हवर घ्या. मे महिन्यात एका इमेजसाठी सावद्याहून जळगावला दुसरी फेरी मी मारलेली आहे.